बाहेरून चोवीस फूट

पुणे
४ जानेवारी २०२५

ती. कचरूकाका यांना,
सप्रेम जय भीम.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाईलवर बोटं चालवायला तुम्ही तयार नाही, म्हणून शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदाच कागद-पेन घेऊन बसले आहे. अक्षराला हसू नका.

बातमी अशी की क्लबचा इतिहास लिहायचं काम मला मिळालंय. म्हणजे 'सह्याद्री फाल्कन्स'चा. तीन वर्षं मी त्यांच्या प्रसिद्धी विभागात सामन्यांच्या बातम्या करतेय, पण हे पहिलंच मोठं काम. क्लबला दहा वर्षं झाली म्हणून गुळगुळीत कागदावर दीडशे पानांचं पुस्तक निघणार आहे. लेखिका म्हणून माझं नाव छापणार आहेत. पहिलं प्रकरण, 'स्थापना २०१४'.

मला ठाऊक आहे, तुम्ही इथेच कपाळाला हात लावणार. तुमचा 'नागापूर वर्कर्स'च पुढे फाल्कन्स झाला, हे मला का माहीत नाही? पण कंपनीच्या हिशेबाने त्यांनी क्लब घेतला, नाव बदललं आणि पुण्याला आणला, तेव्हाच तो जन्मला. मी भांडून एक पान मिळवलंय, 'पार्श्वभूमी' म्हणून. त्यासाठी तुमच्याकडे असतील त्या आठवणी आणि फोटो पाठवा. तुम्ही पहिले गोलकीपर, बाबा पहिले कप्तान. बाबा गेल्यावर विचारायला तुमच्याशिवाय कोण आहे मला?

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. गोलपोस्टच्या मापाची भानगड मी त्या पानात घालणार नाही. बाबांनी माप चुकवलं, तपासणीला आलेल्या साहेबांनी मैदान नापास केलं आणि म्हणून क्लब गेला, हे मी एकोणीस वर्षांची होते तेव्हापासून ऐकतेय. कॉलेजच्या बसमध्ये एकाने तोंडावर विचारलं होतं की तुझ्या बापाला टेप वाचता येत नव्हती का. बाबांनी कधी कुणाला उलट उत्तर दिलं नाही. गेले ते हे ओझं घेऊनच गेले. निदान छापील पुस्तकात तरी ते नको.

काकूंना नमस्कार.

तुमची,
यशोधरा


नागापूर
१३ जानेवारी

चि. यशोधरा हिला कचरूकाकाचा जय भीम.

तुजं पत्र पोचलं. तुजी काकू भागिरथी वाचायला बसली हुती, तिच्या हातातनं ओढून घेतलं. मी बोलतो तसंच लिहिनार, तू शुद्धबिद्ध काय ते करून घे.

एक पान? पंचवीस वर्षाला एक पान? आमी काय लग्नपत्रिकेवरचे 'आपले विनीत' हाय का, तळाला बारीक अक्षरात छापायला? बहिरा झालोय मी, मेलो न्हाई अजून.

लिहून घे. साल १९८९. तुजा बाप बन्सी आनि मी, दोघं चुलतभाऊ, एकाच कारखान्यात फॅब्रिकेशनला. आठवड्यातनं एक दिवस एमआयडीसीला लाईट नसायची, ती आमची सुट्टी. फुटबॉल आमाला भिंगारच्या लष्करानं शिकवला, म्हंजी शिकवला कुनी न्हाई, आमी तारेच्या कुंपनाबाहेर उभं राहून बगून शिकलो. कारखान्यामागं रिकामा प्लॉट हुता, त्यात निसती वेडी बाभूळ. अकरा जनांनी चार आठवडे कुऱ्हाड चालवून तो साफ केला. भंगारातल्या चार इंची पाईपचे गोलपोस्ट केले. कारखान्याचा ड्रेस निळा, त्याच्या बाह्या कापल्या की झाली जर्सी. त्या अकरा जनांत सगळ्या आळीचे लोक हुते आनि एका डब्यात जेवायचे. त्या टायमाला ही गोष्ट लहान नव्हती, तुला आता वाटायची न्हाई.

पैल्या वर्षी आमाला शहरातल्या क्लबांनी सात-सात गोल मारले. पाच वर्षांत आमी जिल्ह्याची लीग जिंकली. घरच्या मैदानावर तर दोन वर्षं मला एकबी गोल झाला न्हाई, बाहेरचे लोक म्हनायचे, नागापूरच्या गोलात भूत बसतंय. मग २००८ला आमी पगारी खेळाडू ठेवले. दोन कोल्हापूरचे, एक पार मनिपूरचा, तो आमच्या घरी भाकरी खायला शिकला. २०१४ला देशाच्या दुसऱ्या डिव्हिजनला नाव लागलं. ते नाव कुनी लावलं? बन्सीनं. कंपनीवाले त्याच्यानंतर भागीदार म्हनून आले, हार घालून घेतले आनि सहा महिन्यांत आख्खा क्लब उचलून न्हेला. पोरगी आपल्या मांडवातनं उचलून न्हेली आनि आता म्हनत्यात, ही आमच्याच घरात जन्मली.

फोटो एकच हाय, ट्रंकेत हुता. मधी बसलाय तो बन्सी. पाठवतोय, परत कर.

मापाचं तू म्हनतीस ते खरं हाय. नको घालू ते. सोड तो विषय.

कचरू


पुणे
२ फेब्रुवारी

ती. काका,
जय भीम.

तुमचं पत्र ऑफिसात वाचलं आणि हसू दाबता दाबता नाकी नऊ आले. मग ते घेऊन मोठ्या साहेबांकडे गेले. तिथे हसू पळालं.

साहेब म्हणाले, आठवणी छान आहेत, कागद दाखवा. आपली नोंदणी २०१४ची. त्याआधीची म्हणाल तर बाबांनी सगळी कागदपत्रं एका पत्र्याच्या पेटीत घालून कंपनीला दिली होती, मला आठवतं, मीच त्या पेटीला सुतळी बांधली होती. कंपनी म्हणते अशी पेटी आलीच नाही. फोटोवर तारीख नाही. आणि आता ते एक पानही गेलं. त्या जागी एक ओळ येणार आहे, 'अहिल्यानगर परिसरातील काही हौशी खेळाडूंच्या प्रेरणेने'.

हौशी! बाबांनी गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं ते हौस म्हणून, आणि तुमची दोन बोटं मोडली ती पण हौस म्हणून.

मी आवाज चढवला तेव्हा साहेबांनी मुदत दिली. अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत तारीख असलेला एकतरी पुरावा आणा, नाहीतर पुस्तक छापायला जाईल. काका, ट्रंक पुन्हा उपसा. अजिनाथकाका तुमच्याबरोबर उजवीकडून खेळायचे ना, त्यांना विचारा. पावती असो, कपामागचं पत्र्याचं लेबल असो, काहीही चालेल. माझ्या नावाच्या पुस्तकात माझ्या बापाला 'हौशी' म्हणवून घेणं माझ्याच्याने होणार नाही.

यशोधरा


नागापूर
९ फेब्रुवारी

चि. यशोधरा,
जय भीम.

पुरावा हाय. छत्तीस वर्षं जमिनीत हाय. मला ठाऊक हुता आनि मी गप बसलो. का बसलो ते आता लिहितो. पुरं वाचल्याशिवाय कागद फाडू नको.

आमच्या फॅब्रिकेशन शॉपला एक रीत हुती. कुठलाबी जॉब झाला की त्याच्यावर पंचनं तारीख मारायची, आनि ज्यांनी ज्यांनी हात लावला त्यांचे हजेरीचे टोकन नंबर. पंच म्हंजी लोखंडावर आकडा उठवायचा ठसा, वर हातोडा हानला की झालं. ज्यानं माप घेतलं त्याचा नंबर पैला. जॉब चुकला तर कुनाला धरायचं ते साहेबाला कळावं म्हनून ही रीत. गोलपोस्ट झाले तवा अजिनाथ म्हनला, हितं आपन साहेबाचे नोकर न्हाई, सरळ नावं मारू. बन्सी न्हाई म्हनला. त्याचं बोलनं मला अजून पाठ हाय. "नाव वाचलं की लोक आडनाव विचारत्यात. नंबर मारा. नंबरला आळी नसती." मग पोस्टच्या तळाला जी पलेट असती, काँक्रीटमधी गाडायची, तिच्यावर १९-३-८९ ही तारीख मारली आनि अकरा नंबर मारले. बन्सीचा १८७, तो शेवटी. कप्तान म्हनून त्यानं स्वताच शेवटी मारला.

पैला नंबर २१४. ते माजं टोकन.

माप मी घेतलं हुतं, यशोधरा. तुज्या बापानं न्हाई.

बन्सीनं मला सांगितलं, चोवीस फूट रुंद, आठ फूट उंच. आमच्या धंद्यात फ्रेमचं माप बाहेरून बाहेर धरत्यात. दरवाजाची चौकट असो, टाकीचा स्टँड असो, बाहेरून बाहेर. मी तसंच धरलं. फुटबॉलचा गोल आतून मोजायचा असतो हे मला कुनी सांगितलं न्हाई आनि मी विचारलं न्हाई. चार इंची पाईप बाहेरून साडेचार भरतो. दोन्हीकडचे धरून आमचा गोल नऊ इंच अरुंद, आनि वरनं साडेचार इंच बुटका. पंचवीस वर्षं त्यात मी आनि माज्यामागनं आलेल्या कीपरनी गोल अडवले. ते भूत म्हनायचे ना, ते हे.

२०१४ला तपासनीवाला साहेब आला. त्यानं टेप लावला, परत लावला, मग आमच्याकडं वळून कायतरी बोलला. तवा माजे कान पार गेल्ते, मला निसते ओठ दिसले. बन्सी पुढं झाला आनि छातीवर हात ठेवून कायतरी म्हनला. संध्याकाळी अजिनाथनं मला कागदावर लिहून दाखवलं. साहेबानं विचारलं हुतं, हे कुनी मोजलं? आनि बन्सी म्हनला, "मी."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेल्तो. तू कॉलेजला हुतीस. म्हनलं, मी जाऊन सांगतो. त्यानं पाटीवर लिहिलं, गोल कुनाच्याबी चुकीनं झाला तरी तो कप्तानाचा. मी म्हनलं बरं. तेवढंच म्हनलो आनि घरी आलो. मग क्लब गेला, लोक त्याला बोलाय लागले, आनि मला तर काय, ऐकूच येत न्हाई. बहिऱ्याला बरं असतं. पाच वर्षं तो जगला, मी रोज सांगू शकत हुतो. त्याच्या मयतीला मी पुढून खांदा दिला आनि तरी तोंड उघडलं न्हाई.

काल शनिवारी अजिनाथनं काँक्रीट फोडायचा ब्रेकर आनला. उत्तरेचा गोल कवाच भंगारात गेलाय, दक्षिनेचा एक खांब उभा हाय, त्याला ट्रकवाले कपडे वाळत घालत्यात. वॉचमन अडवायला आला. मी त्याला म्हनलं, माजा खांब मी काडतोय, तुला काय बोलायचं ते बोल, मला ऐकू येत न्हाई. दोन तासांनी पलेट निघाली. घासली, तेल लावलं. सगळे आकडे जसेच्या तसे. वर कागद ठेवून शिसपेन्सिल घासलीय, तो कागद सोबत जोडलाय.

साहेबाला दाखव. माजा नंबर झाकू नको.

कचरू


पुणे
६ मार्च

काका,

तुमचं पत्र येऊन तीन आठवडे होऊन गेले. उत्तर दिलं नाही कारण मला तुमचं तोंड बघायचं नव्हतं, आणि पत्र लिहिताना तोंड दिसतंच. बसमधला तो मुलगा आठवत राहिला. बाबा पायरीवर बसून बुटांचे खिळे घासत होते आणि मी त्यांनाच विचारलं होतं की खरंच तुम्हाला टेप वाचता येत नव्हती का. मी विचारलं होतं, काका. ते हसले होते.

शेवटी तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती, हात थांबला नाही. म्हणाली, "मला ठाऊक होतं. कचरूभाऊंना बोलायचं नाही, अशी शपथ मला घातली होती तुझ्या बाबांनी." तिला मी म्हटलं, तुला राग नाही येत? तर म्हणाली, आला होता, पण त्यांनी जे स्वतःहून दिलं ते मी कशी परत मागू? मला अजून येतो, तुम्हाला खोटं कशाला सांगू. पण आता ऐका, म्हणजे वाचा, कारण खरी गोष्ट पुढेच आहे.

तो शिसपेन्सिलचा कागद साहेबांसमोर ठेवला. ते म्हणाले, लोखंडावर काय, कोणीही काहीही कोरेल. मी म्हटलं ठीक आहे. पुस्तकासाठी जुन्या फायली बघायची परवानगी माझ्याकडे होतीच. दोन दिवस खाली रेकॉर्डरूममध्ये बसले आणि २०१४ची तपासणीची फाईल काढली. त्यातलं जसंच्या तसं उतरवतेय:

'गोलची रुंदी नऊ इंच व उंची साडेचार इंच कमी आढळली. तीस दिवसांत दुरुस्ती करून कळवावे. मैदान अन्यथा स्पर्धेसाठी योग्य आहे.'

योग्य आहे, काका. मैदान नापास झालंच नव्हतं. तीस दिवस दिले होते. तुम्ही आणि अजिनाथकाकांनी ते पोस्ट एका दुपारात करून दिले असते. हा कागद बाबांना कुणी दाखवला नाही.

आणि त्याच फाईलला खाली दुसरा कागद टाचलेला होता. पुण्याचं स्टेडियम भाड्याने घेतल्याचा करार. तपासणी जूनच्या अकरा तारखेची, करार एप्रिलच्या दोन तारखेचा. तुमच्या नऊ इंचांमुळे क्लब गेला नाही. क्लब न्यायचा हे आधीच ठरलं होतं, नऊ इंच त्यांना आयते सापडले. तुम्ही अकरा वर्षं स्वतःला खात बसलात, बाबा पाच वर्षं शिव्या खात गेले, आणि हे कागद आमच्याच ऑफिसच्या तळघरात पडून होते. मी रोज त्यांच्या डोक्यावर बसून बातम्या लिहीत होते.

दोन्ही कागद साहेबांच्या टेबलावर ठेवले. ते पहिल्यांदा मला 'बेटा' म्हणाले. म्हणाले, उत्सवाचं पुस्तक आहे, यात हे कशाला? 'नागापूर वर्कर्स' हा शब्दच काढून टाकू, म्हणजे वादच नको. मी म्हटलं, काढा. लेखिकेचं नाव पण काढा. राजीनामा त्याच टेबलावर लिहिला, त्यांच्याच पेनाने.

आता पुढचा पगार नाही आणि मला भीती वाटतेय, ती वाटू दे. पण मी इतिहास लिहिणार आहे. दोन्ही कागदांचे फोटो माझ्याकडे आहेत, त्यांची एकेक प्रत सोबत जोडतेय. 'नागापूर वर्कर्स' हे नाव त्यांना नको आहे, मग ते आपलंच राहिलं. एक पान नको मला, सगळं पुस्तक पाहिजे. तुम्ही बोलत जा, मी लिहीत जाते.

फोटो परत पाठवतेय, जपून ठेवा.

यशोधरा


नागापूर
२८ एप्रिल

चि. यशोधरा,
जय भीम.

तुजं पत्र तीनदा वाचलं. मग अजिनाथला वाचायला दिलं आनि त्याच्या तोंडाकडं बगत बसलो. त्यानं वाचून कागदावर लिहिलं, चल. मी विचारलं न्हाई कुठं.

पलेट काडायला गेलो तो दिवस सोडला तर अकरा वर्षं मी त्या प्लॉटवरनं जात नव्हतो. दवाखान्यात जायचं तरी वळसा घालून जायाचो. आता रोज तिथंच हाय. तू रागावलीस ते बरं केलंस, माज्यावर कुनीतरी रागवायला पायजे हुतं. शिव्या खाल्ल्याशिवाय मानसाला मोकळं वाटत न्हाई.

क्लबची नोंदनी परत केली. जिल्ह्याच्या लीगच्या फॉर्मवर 'स्थापना वर्ष' असा रकाना हाय. मी १९८९ लिहिलं. क्लार्क म्हनला, याला आधार काय? मी पिशवीतनं पलेट काडली आनि त्याच्या टेबलावर ठेवली. सात किलो हाय. त्याचा चहाचा कप उडाला. त्यानं आकडे वाचले, बोट फिरवून बगितलं, आनि शिक्का मारला. चांगला मानूस, त्याचा चहा मी भरून दिला.

टीममधी सध्या सतरा जन हाय. नऊ एमआयडीसीतले कंत्राटी कामगार, बाकी कॉलेजचे. पोरींची वेगळी टीम व्हायची म्हनत्यात, त्यांना हो म्हनलोय. ट्रक हलवायला ट्रकवाल्यांशी दोन दिवस भांडलो. भांडनात बहिऱ्याचा लई फायदा हाय, समोरचाच आधी दमतो.

परवा नवे पोस्ट उभे केले. त्याआधी सगळ्यांना गोळा केलं, जुने लोकबी आले हुते, बन्सीला बोलनारे पन त्यात हुते. मला बोलताना माजाच आवाज ऐकू येत न्हाई, किती मोठ्यानं बोललो ठाऊक न्हाई. भागिरथी म्हनती पार रस्त्यापर्यंत गेला. मी म्हनलं, "ते माप माजं हुतं. बन्सीचं न्हाई. त्यानं माज्यासाठी अंगावर घेतलं आनि मी घेऊ दिलं." मग अजिनाथनं तुजे ते दोन कागद वाचले, तारखांसकट. तुजी आई पुढं आली आनि तिनं मला टेपचं एक टोक धरायला दिलं, दुसरं स्वता धरलं.

चोवीस फूट. आतून. तीनदा मोजलं.

नव्या पलेटवर पैला नंबर मारायची पाळी आली तवा पोरं म्हनली, काका, आता काय २१४ मारनार? मी आकड्यांचा पंच ठेवून दिला आनि अक्षरांचा घेतला. इतक्या वर्षांत पैल्यांदा बन्सीचं ऐकलं न्हाई. पैली मॅच एक जूनला हाय, तू येनार हे धरून चाललोय. पन त्याआधी पुस्तकाचं पैलं पान लिहून पाठव. त्यात लिही की पैला गोल नऊ इंच कमी हुता आनि ते माप कचरूनं चुकवलं. आनि त्याच्याखाली त्या अकरा जनांची नावं घाल, पलेटवरबी मी आता तीच मारलीत. नंबर नको. नावं, आडनावासकट. कुनाला काय वाचायचं ते वाचू दे.

कचरू दगडू भिंगारदिवे
गोलकीपर, नागापूर वर्कर्स
स्थापना १९८९